संहिता चुकली की नट अडखळला? प्रोग्राम बंद पडण्यामागचं हार्डवेअर

२०२४ च्या पूर्वार्धात गेम खेळणाऱ्या पुष्कळ लोकांना एक चमत्कारिक संदेश छळत होता. ग्राफिक्स कार्ड तगडं, त्यावर मेमरी भरपूर, आणि तरी गेम सुरू होता होता पडद्यावर यायचं: व्हिडिओ मेमरी संपली. लोकांनी कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम बदलले, विंडोज नव्याने टाकलं, काहींनी कार्डच बदलून पाहिलं. गेम बनवणाऱ्यांना शिव्याही घालून झाल्या. फरक पडला नाही, कारण मेमरी संपलेली नव्हतीच.

दोष निघाला प्रोसेसरमध्ये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर हिशेबात चुकत होते. गेम उघडताना दाबून लहान केलेली बरीच माहिती पुन्हा उलगडावी लागते, आणि हे काम प्रोसेसरला घाम फोडणारं असतं. त्या धावपळीत एखादा आकडा चुकायचा, उलगडलेली माहिती कचरा निघायची, आणि गोंधळलेला गेम आपल्या पोतडीतला त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा संदेश दाखवून मान टाकायचा. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरच्या आतल्या सूचनाच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या, आणि त्यामुळे चिप झिजत होती. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण जी चिप आधीच झिजली होती, ती त्या दुरुस्तीने बरी होणार नव्हती.

मला या प्रकरणात रस आहे तो एका वेगळ्याच कारणासाठी. इतक्या लोकांनी, त्यात जाणकारही आले, इतके महिने चुकीच्या दारावर का धडका मारल्या? कारण संगणक बंद पडला की आपण संदेश वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. विश्वास ठेवायचा तो वेगळ्याच गोष्टीवर.

सॉफ्टवेअर ही नाटकाची संहिता आणि हार्डवेअर हा नट, असं धरा. संहितेत चूक असेल तर तिसऱ्या अंकातलं तेच वाक्य प्रत्येक प्रयोगात चुकतं, नट कोणीही असो. नटाचीच तब्येत बिघडली असेल तर तो आज पहिल्या अंकात अडखळतो, उद्या शेवटच्या, आणि नाटक बदललं तरी अडखळतोच. निदानाचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे या नियमाचे अपवाद. मजा त्यांच्यातच जास्त आहे.

प्रोग्राम पडत नाही, पाडला जातो

क्रॅश म्हणजे चालू प्रोग्राम मध्येच बंद होणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बहुतेक वेळा प्रोग्राम स्वतःहून बंद होत नाही. ऑपरेटिंग सिस्टम त्याला बंद करते. प्रत्येक प्रोग्रामला मेमरीतली ठरावीक जागा दिलेली असते. त्याने कुंपणाबाहेर हात घातला की पहारेकरी त्याला तिथल्या तिथे संपवतो, नाहीतर तो शेजाऱ्याची माहिती खराब करेल. खुद्द ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातच असं काही घडलं तर संपवायला वर कोणी उरत नाही. मग अख्खं यंत्र थांबतं आणि निळा पडदा दिसतो.

म्हणजे क्रॅशच्या वेळी मिळणारी माहिती ही पहारेकऱ्याची साक्ष असते. त्याने फक्त हात कुंपणाबाहेर गेलेला पाहिला. हात तिकडे का वळला, हे त्याने पाहिलेलं नसतं. चुकीचा पत्ता दहा मिनिटांपूर्वी, भलत्याच कामाच्या वेळी लिहिला गेलेला असू शकतो. ठेच एकीकडे लागते, माणूस पडतो दुसरीकडे. म्हणून ‘अमुक फाइलमध्ये क्रॅश झाला’ एवढ्यावरून त्या फाइलला दोषी धरणं म्हणजे जिथे प्रेत सापडलं त्या घरमालकाला पकडणं.

काम, काय, गाय

मेमरीत सगळं शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेलं असतं. अशी एक खूण म्हणजे बिट. एक बिट उलटला तर कितीसं बिघडणार?

‘काम’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ‘म’ चा २३५०, ‘य’ चा २३५१. संगणकाच्या भाषेत या दोन आकड्यांत फक्त शेवटच्या बिटचा फरक आहे. तो एक बिट उलटला की ‘काम’ चं ‘काय’ होतं. आता ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि ‘ग’ चा २३२७. इथेही एकाच बिटचा फरक. तोही उलटला की ‘काय’ ची ‘गाय’ झाली. दोन बिट, आणि कामाची गाय. यात कुठेही प्रोग्रामरची चूक नाही.

शब्द वाचून माणूस निदान हसेल. पण तोच बिट एखाद्या पत्त्याच्या आकड्यात उलटला तर प्रोग्राम भलत्याच घरी जाऊन पोचतो आणि पहारेकरी त्याला उडवतो. फोटोतल्या एका ठिपक्यात उलटला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. न वापरलेल्या जागेत उलटला तर काहीच होत नाही. एकच बिघाड, पण परिणाम नशिबावर. म्हणूनच हार्डवेअरचा दोष रोज नवं सोंग घेऊन येतो.

बिट उलटतो कसा? रॅम म्हणजे संगणकाची चालू कामाची मेमरी. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा. भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. पण ही बादली गळकी आहे. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बादली तपासून, भरलेली असेल तर पुन्हा काठोकाठ भरावी लागते. १६ जीबी रॅममध्ये अशा सुमारे १३,७४४ कोटी बादल्या असतात. त्यातली एक जरी इतरांपेक्षा जोरात गळत असली, आणि यंत्र तापल्यावर गळती आणखी वाढत असली, तर पुन्हा भरायची वेळ येईपर्यंत ती रिकामी झालेली असते. तिथला ‘एक’ मग ‘शून्य’ म्हणून वाचला जातो. खरं तर हे सगळं एरवी इतकं सुरळीत चालतं याचंच नवल वाटायला हवं.

अवकाशातल्या किरणांना किती दोष द्यायचा?

या विषयावर बोलताना कोणीतरी वैश्विक किरणांची गोष्ट सांगतोच. गोष्ट आहेही तशीच. १८ मे २००३ रोजी बेल्जियमच्या निवडणुकीत, ब्रुसेल्समधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडलेली दिसली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. हा आकडा दोनाचा बारावा घात आहे. म्हणजे मोजणीच्या आकड्यातला तेरावा बिट शून्याचा एक झाला की नेमकी एवढीच भर पडते. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही, म्हणून अवकाशातून आलेल्या कणावर संशय गेला. सिद्ध काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. असा कण मागे ठसा ठेवत नाही.

कणांमुळे बिट उलटतात हे मात्र खरंच आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलच्या संशोधकांना आढळलं की चिपच्या आवरणातच किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म अंश होते आणि त्यातून निघणारे अल्फा कण मेमरी बिघडवत होते.

तरीही घरातला संगणक आठवड्यातून तीनदा पडत असेल तर आकाशाकडे पाहू नका. गूगलने आपल्या हजारो सर्व्हरमधल्या रॅमचा अडीच वर्षं अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. दर वर्षी सुमारे ८ टक्के रॅम स्टिकमध्ये, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांमध्ये, निदान एक तरी चूक नोंदली गेली होती, आणि बहुतेक चुका अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांसारख्या नव्हत्या. त्या रॅमच्या कायमच्या दोषातून येत होत्या. एकदा चुकलेली स्टिक पुन्हा चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. वैश्विक किरण हे स्पष्टीकरण ऐकायला रम्य आहे, आणि आळशी माणसाला सोयीचंही. जे पुन्हापुन्हा घडतं त्याचं कारण पेटीच्या आत असतं.

जो क्रॅश होऊच शकत नाही

मायक्रोसॉफ्टमधले जुनेजाणते प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक किस्सा लिहिला होता. क्रॅशचे अहवाल चाळताना त्यांच्या सहकाऱ्यांना काही अशक्य अहवाल दिसले. प्रोग्राम ज्या सूचनेवर पडला होता ती सूचना होती ‘एक्सॉर ईएएक्स, ईएएक्स’. प्रोसेसरच्या हाताशी आकडे ठेवायला काही कप्पे असतात. त्यातला एक कप्पा शून्य कर, एवढाच या सूचनेचा अर्थ. ती मेमरीला हात लावत नाही, कुठला पत्ता विचारत नाही. ती चुकायला जागाच नाही. हातातली पाटी पुसताना माणूस दरीत कोसळला, असा हा प्रकार.

चौकशीअंती समजलं की त्यातल्या बऱ्याच यंत्रांचं ओव्हरक्लॉकिंग केलेलं होतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे चिप बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा ती जास्त वेगाने पळवणं. काही मालकांना तर याचा पत्ताच नव्हता. विकणाऱ्यानेच यंत्र पळवून ठेवलेलं होतं.

‘मी असलं काही करत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा बायोस, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगचा पडदा, उघडून पाहावं. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा बऱ्याचदा तिचा मूळ वेग नसतो. तो मिळवण्यासाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय चालू करावी लागते, आणि ती चालू करणं म्हणजे कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच. बहुतेकांचं त्यावर छान चालतं. ज्यांचं चालत नाही त्यांना आपण काही वेगळं केलंय हेच आठवत नसतं.

मग ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे ठेवा, आणि जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा चढवू नका. रॅम खराब असेल तर कॉपी होता होताही फाइल बिघडते, त्यामुळे जुनी शाबूत प्रत नव्या बिघडलेल्या प्रतीखाली गाडली जाऊ शकते.

मग वही घ्या. अक्षरशः वही. कधी पडला, काय चालू होतं, यंत्र तापलेलं होतं का, संदेश काय आला. आठ-दहा नोंदी झाल्या की रूप दिसायला लागतं. एकच प्रोग्राम, एकच कृती, तोच संदेश, आणि तेच दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरही घडतंय: संहिता चुकली. आज ब्राउझर, उद्या फोटोंचा प्रोग्राम, परवा विंडोजचं अपडेट अर्ध्यात, तेरवा निळा पडदा, आणि दर वेळी संदेश वेगळा: नटाची नाडी बघा.

त्यानंतरची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही विकत घ्यावं लागत नाही. संगणकाला तेच काम पुन्हापुन्हा द्यायचं आणि उत्तर दर वेळी तेच येतं का पाहायचं. लिनक्स वापरणाऱ्यांना हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे. मोठा प्रोग्राम मूळ कोडपासून बांधायला घेतला आणि मध्येच ‘सिग्नल ११’ (कुंपण ओलांडल्याचा इशारा) म्हणून थांबला, तर पुन्हा चालवा. या वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबला तर रॅमवर संशय घ्या, असा तेव्हापासूनचा शिरस्ता आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांच्यावर ही वेळ आली. लिनक्सच्या नव्या आवृत्तीची जुळवाजुळव चालू असताना त्यांच्या यंत्रावर प्रोग्राम कुठेही कोसळू लागले. आधी शंका आली नव्या कोडचीच. जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) चालवून पाहिलं, तेही तसंच. मग रात्रभर रॅमची चाचणी लावली, आणि अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली स्टिक खराब निघाली. तोवर त्यांना लॅपटॉपवर काम रेटावं लागलं.

माझं यंत्रही मध्ये असंच पडू लागलं होतं. त्याचं बिंग फुटलं ते चेकसममुळे. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा: फाइलमधला एक बिट बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. मी एका मोठ्या फाइलचा ठसा तीनदा काढला आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. फाइल तीच, हात न लावलेली. एक खुबी लक्षात ठेवायची: फाइल रॅमच्या आकारापेक्षा मोठी घ्या. लहान घेतली तर संगणक ती एकदाच वाचून रॅममध्ये ठेवतो, आणि मग तेच चुकीचं उत्तर तिन्ही वेळा ठासून सांगतो.

आता यंत्राची स्वतःची नोंदवही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने काही नोंदी दिसल्या, तर प्रोसेसरने आपण होऊन हार्डवेअरची तक्रार केलेली असते. लिनक्समध्ये हेच ‘मशीन चेक’ म्हणून दिसतं. अशी नोंद मिळाली तर ती सोन्यासारखी. याउलट ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून लोक लगेच एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, बदलायला धावतात. ती नोंद एवढंच सांगते की यंत्र नीट न थांबता बंद झालं. का, ते तिला माहीत नाही.

इथवर संशय पक्का झाला की सगळे वेग मूळ पदावर आणा. एक्सएमपी बंद, ओव्हरक्लॉकिंग बंद, बायोस अद्ययावत. दोन-तीन दिवस वापरा. पडणं थांबलं तर पुढचं काही करायची गरजच उरत नाही.

नाही थांबलं तर मेमटेस्ट ८६ प्लस. हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून, ऑपरेटिंग सिस्टम सुरू होण्याआधी चालतो. तसंच करावं लागतं, कारण विंडोज चालू असताना तिने स्वतःच रॅमचा मोठा भाग अडवलेला असतो, आणि ज्या फांदीवर बसलोय तीच तपासता येत नाही. चाचणी रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास; इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही. माझ्या पडद्यावर पहिली ओळ चाळिसाव्या मिनिटाला उमटली. अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी होते, आणि दोन्हींत फरक होता फक्त एका बिटचा. मग यंत्र बंद करून, वायर काढून एक स्टिक बाहेर, दुसरीची चाचणी. मग अदलाबदल. स्टिक बसवायचा स्लॉटही बदलून पाहायचा, कारण कधी कधी दोष स्टिकचा नसून स्लॉटमधल्या धुळीचा असतो. स्टिक काढून, स्वच्छ करून, नीट खटकन बसेपर्यंत दाबली आणि आजार पळाला, असंही पुष्कळदा होतं.

रॅम निर्दोष सुटली तर पुढचे संशयित भराभर तपासता येतात. काम वाढलं की पडतो, निवांत असताना नाही? तापमान आणि एसएमपीएस पाहा. फक्त फाइल उघडताना किंवा जतन करताना अडतो? डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद वाचा. निकामी जागा वाढत असतील तर डिस्क चालली. केबलवरच्या चुकांचा आकडा तेवढा वाढत असेल तर डिस्क ठीक असते, वायर बदलली की भागतं.

पण काहीही केलं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, ड्रायव्हर आणि एसएमपीएस एकाच रविवारी बदलणाऱ्याचं यंत्र बरं होतं, पण कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि दोषी भाग दुसऱ्या यंत्रात जाऊन बसतो.

‘पण बाकी सगळं तर नीट चालतंय!’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: एकच प्रोग्राम पडतो, म्हणजे दोष त्याचाच. बहुतेक वेळा हे बरोबरही असतं. पण सगळे प्रोग्राम यंत्राला सारखं राबवत नाहीत. जिना चढताना धाप लागली म्हणून जिन्याला दोष देत नाहीत. पत्र टाइप करताना प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. गेम, व्हिडिओ जोडणं, मोठी फाइल उलगडणं यांत तो पूर्ण ताकदीने पळतो. २०२४ च्या त्या प्रकरणात लोक हेच म्हणत होते की बाकी सगळं चालतंय.

याहून विचित्र उदाहरण फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडलं. त्यांच्या एका सर्व्हरवर काही फाइली गायब होत होत्या. खोदत खोदत ते प्रोसेसरच्या एकाच गाभ्यापर्यंत पोचले (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे हिशेब करणारे असे अनेक गाभे, म्हणजे कोअर, असतात). त्या गाभ्याला १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक द्यायला सांगितलं की उत्तर यायचं शून्य. यायला हवं होतं १५६. ५२ व्या घाताचं उत्तर मात्र बिनचूक, १४२. फाइलचा आकार शून्य आला की प्रोग्राम समजायचा, फाइल रिकामी आहे, सोडून द्या. असा दोष दर वेळी त्याच जागी येतो, म्हणजे आपला नाटकाचा नियम इथे उताणा पडतो: संहितेतलं एकच वाक्य चुकतंय, आणि तरी दोष नटाचा. अशा वेळी उपाय एकच, तोच प्रयोग दुसऱ्या नटाकडून करून घेणं. दुसऱ्या यंत्रावर १५६ आलं की निकाल लागला.

‘प्रोग्रामर काय, नेहमीच हार्डवेअरकडे बोट दाखवतात’

दाखवतात, आणि बऱ्याचदा खोटं दाखवतात. नियमाचा उलटा अपवाद इथे आहे. दोन कारकून एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागले तर कधी याची ओळ पुसली जाते, कधी त्याची, आणि कधी दोघांच्या वेळा जुळल्याच नाहीत म्हणून सगळं ठीक दिसतं. प्रोग्रामचे दोन भाग एकाच माहितीवर असे तुटून पडले की होणारी चूकही दर वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी दिसते. निव्वळ सॉफ्टवेअरची चूक, पण लक्षणं थेट खराब रॅमची. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोषही असेच फसवतात. म्हणून ‘कुठेही पडतो’ एवढ्यावर हार्डवेअरला फाशी देऊ नये. अनेक असंबद्ध प्रोग्राम पडतात का, आणि दुसऱ्या यंत्रावर तोच प्रोग्राम पडतो का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तर नाहीच.

प्रोग्रामरकडे मात्र आपल्याकडे नसलेली एक गोष्ट असते: लाखो यंत्रांचे अहवाल. खरी चूक शेकडो यंत्रांवर सारखी दिसते. एकाच यंत्रावरून वीस अहवाल आले आणि वीसही वेगळे, तर ते यंत्रच आजारी. ‘गिल्ड वॉर्स’ या गेमच्या निर्मात्यांनी तर गेम चालू असतानाच यंत्राकडून गणितं करवून घेऊन उत्तरं ताडून पाहिली होती. सुमारे एक टक्का यंत्रं नापास झाली. रेडिस या डेटाबेसच्या कर्त्याने प्रोग्राममध्येच रॅमची चाचणी घालून ठेवली. तक्रार नोंदवायच्या आधी ती चालवून बघा, म्हणून. यात कोणाला टाळाटाळ दिसेल. मला यात पोळलेल्या माणसाचं शहाणपण दिसतं.

‘चाचणी पास झाली, यंत्र नवं आहे, आणि एकदाच तर पडला’

तिन्हींना थोडक्यात उत्तर. नापास झालेली चाचणी पुरावा असते. पास झालेली चाचणी पुरावा नसते. रात्रीच्या गारव्यात उत्तीर्ण झालेली रॅम दुपारी, शेजारी ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना चुकू शकते. नवेपणाचा भरवसा धरू नका; कारखान्यातून निघालेले कच्चे भाग सुरुवातीच्या दिवसांतच दगा देतात. राहिलं एकदाच पडणं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांचे अहवाल तपासून २०११ मध्ये दाखवलं की हार्डवेअरच्या दोषाने एकदा पडलेलं यंत्र पुन्हा पडण्याची शक्यता आधीच्या शंभरपटींपर्यंत वाढते. एका क्रॅशने काही सिद्ध होत नाही, पण वहीत पहिली नोंद त्याच दिवशी करून ठेवा.

ज्याचा आवाज होत नाही

प्रोग्राम पडला हे खरं तर नशीब. निदान कळलं तरी. उलटलेला बिट प्रोग्रामच्या पत्त्यात न पडता तुमच्या आकडेमोडीत, फोटोत, पत्रात पडला तर काहीही पडत नाही, कोणी ओरडत नाही, आणि चुकीची गोष्ट बरोबर म्हणून डिस्कवर लिहिली जाते.

यावर उपाय जुना आहे. ईसीसी नावाच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट राखणीला ठेवलेले असतात. एक बिट उलटला तर ते दुरुस्त करतात, दोन उलटले तर निदान बोंब मारतात. सर्व्हरमध्ये ही रॅम सर्रास असते, घरगुती यंत्रांत क्वचित. सगळे प्रोसेसर आणि मदरबोर्ड ती चालवतही नाहीत. टोरव्हाल्ड्स यांच्या त्या यंत्रातही ती नव्हती, आणि घरगुती यंत्रांना ईसीसी न देण्यावरून त्यांनी त्याच्या आदल्या वर्षीच इंटेलला धारेवर धरलं होतं. हल्लीच्या डीडीआर५ रॅमच्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ असं दिसतं. ते अर्धवट आहे. चिपच्या पोटात झालेली चूक ते सावरतं, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली नाही, आणि आपण काही सावरलं हे सहसा कोणाला सांगतही नाही. दुखणं लपवणारा रोगी आणि निरोगी माणूस यांत फरक करता येत नाही, ही त्यातली अडचण.

खराब भाग बदलला म्हणजे प्रकरण मिटलं, असं मीही समजलो होतो. स्टिक बदलली, ठसे तिन्ही वेळा जुळले, रात्रभराची चाचणी स्वच्छ निघाली. पाच-सहा महिन्यांनी जुने फोटो चाळताना एक फोटो उघडला, त्याचा वरचा अर्धा भाग नीट आणि खालचा हिरवट, बाजूला सरकलेला. कॉपी केल्याची तारीख पाहिली. माझ्या वहीतल्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच्या मधली होती. कॅमेऱ्यातलं कार्ड तोवर मी पुसून पुन्हा वापरलेलं होतं. मग त्या तीन आठवड्यांत लिहिली गेलेली प्रत्येक फाइल वेगळी काढून, जिची दुसरी प्रत कुठे होती तिच्याशी ठसा जुळवत बसलो. जिची नव्हती ती उघडून, डोळ्यांनी.